बार भरा, पण काडतूस ‘भरू’ नका

नागपूरच्या एका नेमबाजाचा प्रश्न असा: वापरलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकून न देता तिच्यात पुन्हा दारू भरून घरीच काडतूस तयार करणे, ज्याला क्लबात सगळे ‘रिलोडिंग’ म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणावे? अर्जात एकाने ‘काडतुसे भरणे’ लिहिले, दुसऱ्याने ‘पुनर्भरण’. शिवाय ‘भरणे म्हणजे काही निर्मिती नव्हे, म्हणून परवान्याची भानगडच नाही’ असे तिसरा म्हणतो, ते बरोबर का?

‘पुनर्भरण’ आधी खोडा. तो शब्द विहिरींनी केव्हाच घेतला आहे. अर्जात तो दिसला आणि तुमची फाइल भूजलवाल्यांच्या टेबलावर गेली, तर कारकुनाला बोल लावता येणार नाही.

मग ‘गोळी’. हा शब्द काडतुसासाठी वापरणाऱ्यांची संख्या इतकी झाली आहे की आता वर्तमानपत्रेही ‘पाच जिवंत गोळ्या जप्त’ असे बिनदिक्कत छापतात. नळीतून जो शिशाचा तुकडा सुटतो तेवढीच गोळी. काडतूस हा चार वस्तूंचा जोड: पुंगळी, तिच्या बुडाला टोपी (पिनेच्या फटक्याने ठिणगी टाकणारी), पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. बारा बोअरचे असेल तर गोळीच्या जागी छर्रे, आणि दारू व छर्रे यांच्यामध्ये बुचासारखी चकती. एका भागाचे नाव सगळ्याला दिले की पंचनाम्यात घोळ होतो आणि तो निस्तरायला वकील लागतो.

‘दारू’वर वेळ घालवत नाही. फारसीत तिचा अर्थ औषध, ‘दवादारू’त तो शाबूत आहे, संपले. ‘काडतूस’ पोर्तुगीज ‘कार्तूशु’वरून आले आणि त्याच्या मुळाशी ‘कार्ता’, म्हणजे कागद. कार्ड, कार्टून, चार्टर ही सगळी त्याच घरची मंडळी. पूर्वी काडतूस म्हणजे खरोखरच मोजून दारू घातलेली कागदाची पुडी असे. १८५७ साली जी दाताने फाडायला शिपायांनी नकार दिला, ती एनफिल्डची काडतुसे कागदाचीच होती. तेव्हा काडतूस जन्मतः कागद आहे आणि आज ते ठेवायलाही कागदच लागतो.

खरी गंमत ‘बार’ या शब्दात आहे.

ठासणीच्या बंदुकीत काडतूस नसते. नळीच्या तोंडातून मापाने दारू ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, पुन्हा चिंधी, आणि गजाने ठासायचे. एका वेळच्या या ऐवजाला बार म्हणतात. अनेकांचा समज असा की ‘बार’ हा आवाजाचा शब्द आहे, धडाम किंवा फट्‌ यांच्या जातीचा. हे सांगणाऱ्यांत व्युत्पत्तीवर अधिकाराने बोलणारे लोकही आहेत, म्हणून जरा स्पष्ट सांगतो: आवाज भरता येत नाही. आपण बार आधी भरतो, मग उडवतो. पानठेल्यावर खर्ऱ्याचा बार भरून जो माणूस पुढचा अर्धा तास हूं की चूं करत नाही, त्याच्या तोंडात कोणता आवाज आहे? तिथे ‘बार’ आहे तो एका वेळी मावणारा भरणा. लग्नाचा बार उडतो तोही आधी महिनाभर भरत आणलेला असतो.

‘बार’ फारसी आहे आणि अर्थ ओझे, लादलेला माल. आता त्याच्या शेजारी संस्कृत ‘भार’ ठेवून पाहा. इराणी भाषांनी जुन्या ‘भ’मधला महाप्राण सोडून दिला: भ्रातृ तिकडे बिरादर झाला, भूमी झाली बूम. त्याच नियमाने भार आणि बार हे सख्खे भाऊ, दोघेही ‘भृ’ या धातूचे. आणि आपले ‘भरणे’? तेही ‘भृ’चेच. म्हणजे ‘बार भरणे’ या दोन शब्दांत एकच धातू दोनदा आला आहे. एकदा घरातून, एकदा इराणला वळसा घालून. दोन वाटांनी निघालेली भावंडे बंदुकीच्या नळीत भेटली, हे ज्याला रुचत नाही त्याने खुशाल आवाजाची व्युत्पत्ती सांगत बसावे.

इंग्रजांनीही तेच केले आहे. तिकडे बाराला ‘चार्ज’ म्हणतात आणि ‘चार्ज’च्या मुळाशी लॅटिनमधली गाडी आहे, चार्ज म्हणजे गाडीवर लादलेला माल. ही नुसती शब्दांची मौज नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम २ मध्ये दारूगोळ्याची जी व्याख्या आहे, तिच्यात बंदुकीचे ‘चार्ज’ आणि त्यांची आनुषंगिक साधने स्पष्ट लिहिली आहेत. म्हणजे बार कायद्यात आहे. तो भरण्याचा परवाना मात्र क्रियापदात लपलेला नाही.

इथे एक सूचना करून टाकतो, हसायचे तर हसा. रिकाम्या पुंगळीला ‘पुंगळी’ म्हणणे म्हणजे नुसता आकार सांगणे. तिच्यासाठी नेमका शब्द आपल्याकडे तयार आहे: बारदान. पानदान, कलमदान, तसे बारदान, बार ठेवायचे भांडे. नागपूरच्या कळमना बाजारात वजनातून बारदान कापून घेतात, तेच. पोते रिकामे झाले की झटकून पुन्हा भरतात, फाटले की बाद करतात. पितळी पुंगळीचेही अगदी तसेच चालते. ‘बारदानाला चीर गेली’ हे वाक्य कोणत्याही नेमबाजाला आणि कोणत्याही अडत्याला एकदम कळेल. (संत्र्याचा आंबिया बार मात्र यात ओढू नका. तो ‘बहार’. फारसी ‘बार’चा एक अर्थ फळ असाही आहे आणि मोह होतो खरा, पण मृगाचा बहार आणि आंबियाचा बहार ही पूर्ण रूपे आजही शेतकऱ्याच्या तोंडी आहेत.)

आता ‘काडतूस भरणे’ का चालत नाही ते. एक, बंदूक भरणे आणि काडतूस भरणे या आज दोन वेगळ्या क्रिया आहेत. ठासणीच्या काळी त्या एकच होत्या, म्हणून क्रियापद एकच राहिले. आज पहिली परवानाधारकाने रेंजवर करायची रोजची गोष्ट आहे आणि दुसरी फौजदारीत नेऊ शकते. दोन, भरणे ही त्या कामातली एकच पायरी आहे. जुनी टोपी ठोकून काढायची, फुगलेली पुंगळी साच्यातून दाबून मूळ मापावर आणायची, लांबलेले तोंड कापायचे, नवी टोपी बसवायची, मग दारू, मग गोळी. सहापैकी पाचवी पायरी तेवढी ‘भरणे’.

हे काम कुणाला लागू पडते तेही पाहा, कारण क्लबातल्या बहुतेकांची चर्चा फुकट आहे. दहा मीटरची एअर रायफल दारूच वापरत नाही. पन्नास मीटरवरच्या ०.२२ रायफलच्या काडतुसात टोपी वेगळी नसते. स्फोटक मसाला पुंगळीच्या काठातच भरलेला असतो आणि पिनेच्या फटक्याने तो काठ चेपतो. ती पुंगळी पुन्हा वापरता येत नाही, विषय बंद. उरले मध्यभागी टोपी असलेले रायफल-पिस्तूल आणि बारा बोअर. रायफलच्या पुंगळीतही बुडाशी एकच मधले छिद्र असेल तर टोपी सुखाने निघते. बर्डन पद्धतीची दोन छिद्रे असली तर साध्या पिनेने निघत नाही. ट्रॅप आणि स्कीटवाल्यांसाठी (हे उडत्या चकत्यांवर छर्रे झाडतात) आंतरराष्ट्रीय नियमात छर्ऱ्यांचे वजन २४.५ ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. तराजूवर तेवढे सांभाळणे घरगुती कामात सोपे नाही.

तराजूवरून आठवले: ‘ग्रेन’ आणि ‘ग्रॅम’ यांची गल्लत करणाऱ्याने या विषयात तोंडच उघडू नये. दारू आणि गोळी ग्रेनमध्ये मोजतात. एका ग्रॅममध्ये १५.४३ ग्रेन. जुन्या माणसांसाठी: तोळ्याचे १८० ग्रेन आणि ९६ गुंजा, म्हणजे गुंजेला पावणेदोन ग्रेनहून थोडे जास्त. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा, आपली गुंज म्हणजे वेलीची बी. दारू दुप्पट पडली तर नळीचे बूड बंद करणारी बंदुकीची पाचर फुटून नेमबाजाच्या तोंडावर येते, आणि पुंगळी अर्ध्याहून कमी भरत असेल तर दुप्पट पडलेली नजरेला कळत नाही. दारू पडलीच नाही तर नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्या वाटेवर अडकते. ‘फुसका बार’ हा शब्दप्रयोग नेत्यांच्या घोषणांसाठी राखून ठेवल्याने आपण त्याचा मूळ धाक विसरलो. आवाज मवाळ आला तर थांबायचे, बंदूक रिकामी करून नळी तपासायची. न तपासता दुसरा बार उडवला की नळी फाटते.

राहिला तिसरा गृहस्थ आणि त्याची ‘निर्मिती’. त्याचे म्हणणे, कारखान्यात होते ते मॅन्युफॅक्चर, घरी हाताने केले ते नव्हे. व्युत्पत्तीने हे नेमके उलटे आहे: ‘मानू’ म्हणजे हात, मॅन्युफॅक्चर म्हणजे हाताने केलेले. पण न्यायालयात व्युत्पत्ती चालत नाही, म्हणून कलमे सांगतो. शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करायला परवाना लागतो. तिथे ‘रिलोड’ हा शब्द नाही, आणि सगळी संदिग्धता म्हणतात ती एवढीच. बंदूक बाळगण्याच्या परवान्यात दारूगोळा तयार करण्याचा परवाना येत नाही. कलम २ च्या त्याच व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रेही दारूगोळ्यातच मोजली आहेत. म्हणजे पुंगळ्या दाबायचा, टेबलाला आवळलेला तो हातदाब्या प्रेसही, एक दाणा दारू नसताना. १८८४च्या स्फोटक अधिनियमात कलम ४ आणखी पुढे जाते: स्फोटकांत टोप्या आणि काडतुसे येतात, आणि ‘तयार करणे’ यात पुन्हा बनवणे, बदल करणे, दुरुस्त करणेही येते. ‘पुन्हा’ या शब्दातून सुटू पाहणाऱ्याला ‘पुन्हा’नेच पकडले आहे. त्या कायद्याचे काम पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय सेमिनरी हिल्सवर आहे, तुमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर. शस्त्र अधिनियमातली शिक्षा २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप.

रिकाम्या पुंगळीची अंगठी किंवा कीचेन करणाऱ्यांनी घाबरायचे कारण नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये किरकोळ भागांना सूट आहे, अट एवढीच की जोडीच्या भागांबरोबर ते वापरण्याचा हेतू नसावा. तीच पुंगळी प्रेसच्या शेजारी डब्यात शंभरांनी धुऊनपुसून ठेवली की हेतू सांगायला तुम्हाला तोंड उघडावे लागत नाही.

शिवाय हिशेबाची अडचण आहे, ती कुणी बोलत नाही. काडतुसांची खरेदी परवान्यावर नोंदली जाते. शंभर घेतली आणि प्रत्येक पुंगळी पाचदा वापरली तर नोंद शंभराची आणि बार पाचशे.

अर्जात काय लिहायचे? शब्द हे ठेवा: ‘वापरलेल्या पुंगळीत नवी टोपी, दारू व गोळी बसवून काडतूस तयार करणे.’ लांब आहे, पण ‘तयार करणे’ तुम्हीच लिहिलेत म्हणजे परवानगी कशाची मागताय ते स्पष्ट होते. लेखी परवानगी येईपर्यंत प्रेस विकत घेऊ नका. आणि ‘पुंगळी’च्या जागी ‘बारदान’ लिहायचा मोह मात्र आवरा. ते माझे म्हणणे आहे, सरकारचे नव्हे.