इंग्रजी ‘गेट’ या क्रियापदाला फिनिशमध्ये काय म्हणतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फिनिश शिकताना शब्दकोशात ‘गेट’समोर पहिला शब्द ‘साऽडा’ सापडला, तो तुम्ही सगळीकडे वापरलात आणि शिक्षिका निम्मी वाक्यं चुकीची ठरवतात. मग बरोबर शब्द कोणता?

असा एक शब्द नाही. इंग्रजीत ‘गेट’ जी कामं करतो, ती फिनिशमध्ये डझनभर क्रियापदांत वाटलेली आहेत. पण मराठी माणसाला यात एक फायदा आहे. आपल्याकडेही ही वाटणी आहेच: मिळणे, होणे, लागणे, आणणे, गाठणे, जमणे. म्हणून इंग्रजी वाक्य थेट फिनिशमध्ये नेऊ नका. आधी मनात त्याचं मराठी करा, त्यातलं क्रियापद पाहा आणि मग फिनिश शब्द शोधा. निम्म्याहून जास्त चुका तिथेच थांबतील. मराठी जिथे फसवते, त्या जागाही खाली सांगतो.

आधी लिहिण्याची पद्धत. ‘ऽ’ म्हणजे आधीचा स्वर लांबवायचा. ‘ॲ’ किंवा ‘ॅ’ म्हणजे फिनिशमधला दोन टिंबांचा रोमन ‘a’ (ä). ‘यु’ म्हणजे ओठ ‘ऊ’सारखे गोल ठेवून म्हटलेला ‘ई’ (फक्त ‘युनाऽन’ आणि ‘तायुता’ यांत तो साधा ‘य’ आणि ‘उ’). लांबीकडे दुर्लक्ष करू नका: ‘तुलि’ म्हणजे आला (किंवा आग), ‘तुऽलि’ म्हणजे वारा आणि ‘तुल्लि’ म्हणजे कस्टम्स.

‘साऽडा’चं मूळ काम ‘मिळणे’. ‘साइन किर्येऽन’ म्हणजे मला पत्र मिळालं. इथेच मराठी पहिल्यांदा फसवते. आपण ‘मला’ म्हणतो आणि क्रियापद पत्राप्रमाणे चालवतो. फिनिशमध्ये कर्ता ‘मी’ आणि क्रियापदही ‘मी’चं: साऽन, साऽत, साऽ, भूतकाळात साइन, साइत, साइ. ‘मला’साठीचा ‘मिनुल्ले’ इथे लावलात तर वाक्य मोडतं. मिळालेल्या वस्तूला शेवटी ‘न’ लागतो (किर्ये, किर्येऽन), पण नकार आला की तो ‘न’ जातो आणि वस्तू अंशवाचक विभक्तीत (वस्तू पूर्ण हाती आली नाही असं दाखवणाऱ्या रूपात) जाते: ‘एन साऽनुत किर्येत्तॅ’, पत्र मिळालं नाही. कुणाकडून मिळालं हे ‘ल्ता’ किंवा ‘ल्तॅ’ने सांगतात आणि कशातून मिळालं हे ‘स्ता’ किंवा ‘स्तॅ’ने. ‘साइन लाह्यान ॲइडिल्तॅ’, आईकडून भेट मिळाली; ‘साइन पान्किस्ता लाइनान’, बँकेतून कर्ज मिळालं. आपल्या ‘कडून’ आणि ‘तून’शी हे इतकं जुळतं की वेगळं पाठ करावं लागत नाही.

मूल आणि आजार या दोन बाबतींत मात्र मराठी ‘होणे’ म्हणते आणि फिनिश ‘साऽडा’. ‘हे साइवात लाप्सेन’ म्हणजे त्यांना मूल झालं. ‘साइन फ्लुन्स्सान’ म्हणजे मला सर्दी-ताप झाला. नोकरीवरून काढलं तर ‘साइन पोत्कुत’, शब्दशः ‘लाथा मिळाल्या’. बोलण्यात हेच म्हणतात, आणि ‘लाथा’ इथे नेहमी अनेकवचनीच.

आता सर्वात घोळ होणारी जागा. ‘साऽडा’पुढे साधं क्रियापद आलं की अर्थ ‘मिळणे’ राहत नाही, ‘परवानगी असणे’ होतो. ‘साऽन्को तुल्ला सिसॅऽन?’ म्हणजे आत येऊ का? म्हणून कुणी जेवायला बोलावलं आणि तुम्हाला जमणार नसेल, तर ‘एन साऽ तुल्ला’ म्हणू नका. त्याचा अर्थ ‘मला यायला परवानगी नाही’ असा होतो आणि यजमान विचारात पडतो की यांना घरातून कोण अडवतंय. म्हणायचं असतं ‘एन पॅऽसे तुलेमाऽन’, मला यायला जमत नाही.

हे ‘पॅऽस्तॅ’ क्रियापद पाठ्यपुस्तकात उशिरा येतं, पण माझ्या मते ते पहिल्या महिन्यातच शिकवायला हवं. त्याचा गाभा असा: मध्ये काहीतरी अडसर होता किंवा असू शकला असता, तो ओलांडून तुम्ही पोहोचलात. स्टेशनला कसं जायचं? ‘मितेन पॅऽसेन राउतातिएआसेमाल्ले?’ विद्यापीठात प्रवेश मिळाला? ‘पॅऽसिन युलिओपिस्तोऽन’. इथे ‘साइन’ चालत नाही, कारण विद्यापीठ तुमच्या हातात आलं नाही, तुम्ही त्याच्या आत गेलात. दवाखान्यातून सुटी मिळाली तरी ‘पॅऽसिन साइराऽलास्ता’.

त्याचा उलटा भाऊ म्हणजे ‘योउतुआ’: मनाविरुद्ध, परिस्थितीमुळे कुठेतरी जाऊन पडणे. ‘योउडुइन साइराऽलाऽन’ म्हणजे मला दवाखान्यात दाखल व्हावं लागलं. त्याच जागी ‘पॅऽसिन साइराऽलाऽन’ म्हटलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल की तुम्ही खाटेची वाट पाहत होतात आणि ती एकदाची मिळाली. तुरुंगात जाताना ‘योउतुआ’, सुटताना ‘पॅऽस्तॅ’. इंग्रजीत दोन्हीकडे ‘गेट’ चालतो आणि बोलणाऱ्याची इच्छा त्या शब्दात दिसत नाही. फिनिशमध्ये ती क्रियापदातच कळते. आपलं ‘-वं लागलं’ बहुतेक वेळा ‘योउतुआ’ने येतं: ‘योउडुइन ओडोत्तामाऽन’, मला थांबावं लागलं. मूळ रूपातला ‘त’ इथे ‘ड’ झालाय, त्यामुळे शब्दकोशात ‘योउडु-’ शोधलंत तर सापडणार नाही.

तिसरं आहे ‘एह्तिॲ’, वेळेचं. ‘एन एह्डि’ म्हणजे मला वेळ नाही, तेवढ्यात होणार नाही. ‘एह्डिन युनाऽन’ म्हणजे गाडी गाठली. मराठीत ‘जाऊ शकत नाही’ या एकाच वाक्यात परवानगी नसणं, अडचण असणं, वेळ नसणं हे सगळं मावतं, म्हणून इथे ‘शकणे’वर विसंबू नका. बंदी असेल तर एन साऽ, पोहोचण्यात अडसर असेल तर एन पॅऽसे, घड्याळ आड आलं तर एन एह्डि. यांच्या पुढच्या क्रियापदाचं रूपही वेगळं: ‘साऽडा’ (परवानगीच्या अर्थी) आणि ‘एह्तिॲ’पुढे साधं मूळ रूप, म्हणजे तुल्ला, ‘पॅऽस्तॅ’ आणि ‘योउतुआ’पुढे ‘माऽन’वालं रूप, म्हणजे तुलेमाऽन. ही जोडी चुकली तरी लोकांना कळतं, पण परीक्षेत गुण जातात.

‘होणे’कडे वळू. इंग्रजीत थकलो, चिडलो, भिजलो, आजारी पडलो या सगळ्यांना ‘गेट’ आणि विशेषण लावतात. फिनिशमध्ये बहुतेकांना मराठीसारखंच स्वतःचं क्रियापद आहे. थकणे ‘वॅस्युॲ’, भिजणे ‘कास्तुआ’, चिडणे ‘सुऽत्तुआ’, आजारी पडणे ‘साइरास्तुआ’, श्रीमंत होणे ‘रिकास्तुआ’, बरे होणे ‘पारान्तुआ’, अंधार पडणे ‘पिमेतॅ’. ‘साऽन वॅस्युन्युत’ असं इंग्रजी वळणाचं वाक्य फिनिशमध्ये उभंच राहत नाही. ‘वॅस्युइन’ एवढा एक शब्द पुरतो, आपल्या ‘थकलो’सारखा. जसं आपल्याकडे ‘बरे होणे’ आणि ‘बरे करणे’, तसं तिथे ‘पारान्तुआ’ आणि ‘पारान्ताऽ’. शेवटी ‘तुआ’ असेल तर आपोआप होणारं आणि ‘ताऽ’ असेल तर कुणीतरी केलेलं, हा अंदाज पुष्कळदा बरोबर निघतो. कुणावर चिडलो हे मात्र ‘वर’ने नाही, ‘ला’ने येतं: ‘सुऽतुइन हॅनेल्ले’.

भूक लागली हे तर आपलंच वाक्य वाटावं: ‘मिनुल्ले तुलि नॅल्कॅ’, शब्दशः ‘मला भूक आली’. कर्ता भूक, आणि माणूस ‘ला’मध्ये. थंडी वाजायला लागली, ‘मिनुल्ले तुलि क्युल्मॅ’. घाई झाली, ‘मिनुल्ले तुलि कीऽरे’. इंग्रजीच्या वाटेने येणाऱ्याला ही रचना विचित्र वाटते, मराठीच्या वाटेने येणाऱ्याला ती घरचीच आहे.

माणूस कुणीतरी बनला, हे सांगण्याची रीत वेगळी आहे. ती डॉक्टर झाली: ‘हॅनेस्तॅ तुलि लॅऽकॅरि’, म्हणजे जणू ‘तिच्यातून डॉक्टर आला’. इथे माणसाला ‘स्ता’ किंवा ‘स्तॅ’ लागतो आणि क्रियापद कायम ‘तुलि’. मी शिक्षक झालो असलो तरी ‘मिनुस्ता तुलि ओपेत्ताया’, ‘तुलिन’ नाही. हीच चूक सर्वात जास्त दिसते.

आणायला जाणे म्हणजे ‘हाकेआ’. पाळणाघरातून मुलाला आणतो: ‘हाएन लाप्सेन पॅइवॅकोडिस्ता’. ‘मी’च्या रूपात ‘क’ गळतो, म्हणून ‘हाएन’. याच क्रियापदाचा दुसरा अर्थ ‘अर्ज करणे’, आणि परक्या देशातून आलेल्याला तो रोज लागतो. ‘हाइन ओलेस्केलुलुपाऽ’ म्हणजे मी निवास परवान्यासाठी अर्ज केला. ‘साइन ओलेस्केलुलुवान’ म्हणजे मला परवाना मिळाला. शेवट नीट पाहा. अर्ज केला तेव्हा वस्तू हातात नव्हती, म्हणून अंशवाचक ‘लुपाऽ’. मिळाला तेव्हा पूर्ण आला, म्हणून ‘लुवान’, आणि जाता जाता ‘प’चा ‘व’ झाला. फिनिश व्याकरणातली अंशवाचक विभक्ती समजावायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

एखाद्याकडून काही करवून घेणे, यालाही ‘साऽडा’ लागतं, पण पुढे ‘माऽन’: ‘साइन हॅनेत नाउरामाऽन’, मी त्याला हसायला लावलं. काम उरकलं असेल तर ‘साइन किर्यान लुएत्तुआ’, पुस्तक वाचून झालं. ‘वाचून झालं’मध्ये संपवल्याची जी भावना आहे, ती या ‘साइन’मध्ये आहे, नुसतं ‘लुइन किर्यान’ म्हटलं तर ती तितकी ठळक येत नाही.

इंग्रजीतला ‘हॅव गॉट’ सोपा आहे. ‘मिनुल्ला ओन आउतो’, माझ्याकडे गाडी आहे, रचना आपल्यासारखीच. सक्तीच्या ‘हॅव गॉट टू’साठी ‘मिनुन तॅयुत्युऽ मेन्नॅ’, मला जायलाच हवं. क्रियापद बदलत नाही, माणूस षष्ठीत जातो. त्याचा नकार त्याच शब्दाने करू नका. ‘मिनुन एइ तार्वित्से मेन्नॅ’ म्हणतात, मला जायची गरज नाही. आणि ‘मिनुन पिति मेन्नॅ’ जपून वापरा, कारण पुष्कळदा त्याचा अर्थ ‘जायचं होतं (पण गेलो नाही)’ असा घेतला जातो.

किरकोळ जागा भराभर सांगतो. बसमध्ये चढणे ‘नोउस्ता बुस्सिऽन’. उतरण्यासाठी मात्र ‘यॅऽन पोइस सेउराऽवाल्ला प्युसॅकिल्लॅ’, म्हणजे पुढच्या थांब्यावर मी ‘बाहेर राहतो’. फोन बिघडला, ‘पुहेलिन मेनि रिक्कि’. चोरीला गेला, ‘पुहेलिन वारास्तेत्तिऽन’. लग्न करणे ‘मेन्नॅ नाइमिसिऽन’. रस्ता चुकणे ‘एक्स्युॲ’. सवय होणे ‘तोत्तुआ’: ‘तोतुइन पिमेॲऽन’, मला अंधाराची सवय झाली, हेलसिंकीत डिसेंबरात दिवस सहा तासांहूनही लहान असतो, त्यामुळे हे वाक्य लागतंच. उमगणे ‘तायुता’. आणि समोरच्याचं बोलणं नीट ऐकू येतंय का हे विचारायचं असेल तर ‘साऽत्को सेल्वॅऽ?’.

शब्दकोशाबद्दल एक सूचना. इंग्रजी-फिनिश कोशात नुसती यादी मिळते आणि कोणत्या शब्दापुढे कोणती विभक्ती हे बहुधा नसतं. १५ विभक्तींच्या भाषेत ते नसणं म्हणजे अर्धी माहिती. शब्द सापडला की तो ‘किएलितोइमिस्तोन सानाकिर्या’ या फिनिश-फिनिश कोशात पाहा. तो इंटरनेटवर मोफत आहे. व्याख्या कळली नाही तरी चालेल, तिरप्या अक्षरांतली उदाहरणं वाचा. वहीत एकटा ‘तोत्तुआ’ लिहू नका, ‘तोत्तुआ पिमेॲऽन’ लिहा. एकटा ‘योउतुआ’ नको, ‘योउतुआ ओडोत्तामाऽन’ लिहा.

आणि उद्या सकाळीच वापरायचं असेल, तर कॅफेत काउंटरवर इंग्रजी ‘कॅन आय गेट’च्या जागी म्हणा: ‘साइसिन्को काह्विन या पुल्लान?’ एक कॉफी आणि एक वेलदोडा घातलेला गोड पाव मिळेल का? ‘साऽन्को’ऐवजी ‘साइसिन्को’ हे संकेतार्थी रूप वापरलं की विनंती आपोआप नम्र होते. फिनिशमध्ये ‘प्लीज’ला नेमका शब्द नाही, ते काम हा मधला ‘इसि’च करतो.