दहापैकी सात सौदे फायद्यात, मग खातं रिकामं कसं?

प्रश्न : सर, नमस्कार. वय ३८, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत नोकरी, हातात पगार ८५ हजार. पत्नी खासगी शाळेत शिकवते, तिचे २२ हजार. मुलगी नऊ वर्षांची, आई आमच्याजवळ असते. गृहकर्ज २६ लाख बाकी, हप्ता २९ हजार. मला ५ लाख हवे आहेत. बँक गृहकर्जावर ९ टक्क्यांनी टॉप-अप देतेय, सोनेतारण साडेदहाने मिळतंय. कोणतं घ्यावं? पैसे ट्रेडिंगचं भांडवल वाढवायला हवेत. वर्षापूर्वी स्वतःचे दीड लाख आणि १४ टक्क्यांचं ४ लाखांचं पर्सनल लोन (४ वर्षं) घालून निफ्टीचे ऑप्शन घ्यायला सुरुवात केली. आठवड्याला पाचेक सौदे होतात, बहुतेक मंगळवारी. दहापैकी सात फायद्यात सुटतात, प्रत्येकी सरासरी ३ हजार. म्हणजे पद्धत बरोबर आहे, भांडवल कमी पडतंय. सध्या खात्यात २ लाख १० हजार आहेत. गेल्या महिन्यात फक्त २० पॉइंटांनी हुकलं, नाहीतर एका दिवसात ४० हजार आले असते. एका सरांचा ४५ हजारांचा कोर्सही करावा म्हणतो. घरी अजून सांगितलेलं नाही. एफडी दीड लाख. दोन विमा पॉलिसी आहेत, विमा रक्कम मिळून ८ लाख, हप्ता वर्षाला ६२ हजार.

उत्तर : टॉप-अप स्वस्त. पाच लाखांवर दीड टक्क्याचा फरक म्हणजे वर्षाला साडेसात हजार. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच, आणि दोन्हीतलं काहीही घेऊ नका.

आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीकडे येऊ. इतर वाचकांसाठी एवढंच: निफ्टीचा ऑप्शन म्हणजे हा शेअर निर्देशांक ठरलेल्या मुदतीत एका ठरावीक पातळीपलीकडे (स्ट्राइक) जाईल, यावर किंमत (प्रीमियम) मोजून लावलेली पैज; गेला नाही तर प्रीमियम बुडतो. पत्रात फायद्याचा आकडा आहे, तोट्याचा नाही. तो आपणच काढू. आठवड्याला पाच, म्हणजे वर्षाला अडीचशे सौदे. त्यातले ७० टक्के, म्हणजे पावणेदोनशे, फायद्याचे. गुणिले ३ हजार, सव्वापाच लाख झाले. साडेपाच लाखांनी सुरुवात केली होती, तेव्हा आज खात्यात पावणेअकरा लाख दिसायला हवेत. दिसतात २ लाख १० हजार. म्हणजे मधले ८ लाख ६५ हजार उरलेल्या ७५ सौद्यांनी खाल्ले. त्यातून ब्रोकरेज, एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) वगैरेचे वीसेक हजार वजा करा आणि ७५ ने भागा. तोट्याचा एक सौदा तुम्हाला सरासरी सव्वाअकरा हजारांना पडतो.

तीन हजार कमवायचे आणि सव्वाअकरा हजार घालवायचे, तर नुसतं बरोबरीत सुटायलाही दहापैकी आठ सौदे जिंकावे लागतात. तुमचे सात येतात. खर्च धरून दर सौद्यामागे सरासरी साडेतेराशे रुपये जातात, जिंकलेल्या सौद्यांसकट. भांडवल दुप्पट केलंत तर सत्तावीसशे जातील. भांडवल कमी पडतंय हा निष्कर्ष तुम्ही कुठून काढलात, कळत नाही. टॉप-अप की सोनं या प्रश्नावर तुम्ही जेवढा विचार केलात, त्याचं वर्षभराचं मोल तुमच्या एका हरलेल्या सौद्याहून कमी आहे.

तुम्ही इंजिनिअर दिसता. एवढं गणित तुम्हाला येतं. मग वर्षभर केलं का नाही? शिस्त नाही, लोभ आहे, असलं मी म्हणणार नाही, त्याने काही उलगडत नाही. तुमच्या डोक्यात हिशेब चालू होताच, फक्त तो रुपयांचा नव्हता.

स्वित्झर्लंडमध्ये फ्रिबोर्गच्या विद्यापीठात वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींच्या हालचाली टिपल्या. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की पेशी उसळायच्या. रसाच्या आधी दर वेळी एक ठरावीक संकेत द्यायला लागल्यावर ती उसळी संकेतावर सरकली, आणि प्रत्यक्ष रस मिळताना पेशी गप्प. संकेत देऊन रस दिलाच नाही, तर रस यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी पेशी नेहमीच्याही खाली बसायच्या. १९९७ मध्ये शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी ‘सायन्स’मध्ये त्याचा अर्थ मांडला. या पेशी बक्षीस मोजत नाहीत, अपेक्षा आणि हाती आलेलं यांतला फरक मोजतात. मेंदू शिकतो तो या फरकावरून.

हे तुमच्या मंगळवारला लावून बघा. सव्वानऊला घेतलेला ऑप्शन अर्ध्या तासात पडला, तुम्ही धरून ठेवलात, आणि अकराला तो वर येऊन अडीच हजार देऊन गेला. असं झालंच असणार, आणि हे सौदे तुमच्या सातांत मोजले गेलेत. मेंदूच्या लेखी ही सगळ्यात मोठी उसळी, कारण आशा सोडली होती आणि पैसे आले. त्यातून तो एकच धडा घेतो: पडला तरी विकायचा नाही. पुढच्या वेळी तोच धडा पाळून तुम्ही साडेतीनपर्यंत बसता आणि प्रीमियम शून्यावर जातो. सव्वाअकरा हजारांचा सौदा असा तयार होतो. तुमची पद्धत चुकीची शिकवली गेली आहे, आणि शिकवणारे ते सुटलेले सौदेच आहेत.

मंगळवारच का, हाही प्रश्न आहे. त्या दिवशी ऑप्शनची मुदत संपते, निकाल काही तासांवर असतो आणि जवळपास छापा-काटा होतो. २००३ मध्ये फिओरिलो, टोबलर आणि शुल्ट्झ यांनी माकडांना वेगवेगळे संकेत दाखवले: एकावर रस नक्की, एकावर कधीच नाही, बाकींवर पाव, अर्धी, पाऊण शक्यता. संकेत आणि रस यांच्यामधल्या दोनेक सेकंदांत या पेशींची हालचाल हळूहळू चढत जायची, आणि सर्वांत जास्त चढायची ती ५० टक्के शक्यतेला. त्या चढणीचा नेमका अर्थ काय यावर शास्त्रज्ञांत वाद आहे, आणि मी मेंदूचा डॉक्टर नाही. पण एफडीची पावती बघून ज्याला काही होत नाही आणि एक्स्पायरीच्या दिवशी दोननंतर ज्याचं कामात लक्ष लागत नाही, अशा माणसाला ही चढण ओळखीची वाटेल. अनिश्चितता ही तुमच्यासाठी किंमत राहिलेली नाही, तुम्ही तीच विकत घेताय.

तोट्यातलं विकवत नाही, त्याचं जुनं कारण वेगळंच आहे. डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ च्या त्यांच्या लेखात लोकांना विचारलं होतं: ३,००० नक्की गमावणार, की ४,००० गमावण्याची ८० टक्के शक्यता आणि काहीच न गमावण्याची २० टक्के शक्यता घेणार? रक्कम इस्रायली पौंडांत होती, आणि ३,००० म्हणजे तिथल्या साधारण कुटुंबाची महिन्याची मिळकत. सरासरी काढली तर दुसऱ्या पर्यायात ३,२०० जातात. तरी ९२ टक्के लोकांनी तोच निवडला. नक्की तोटा गिळवत नाही, म्हणून माणूस त्याहून मोठा तोटा घ्यायला तयार होतो. उलट फायदा दिसला की घाईने खिशात टाकतो. तुमचे तीन हजार आणि सव्वाअकरा हजार इथूनही आलेत.

आणि ते २० पॉइंट. ल्यूक क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये स्लॉट मशीनसारख्या खेळात लोकांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. थोडक्यात हुकलं, म्हणजे खरं तर हरलेच, तरी जिंकल्यावर जे भाग जागे होतात त्यांतले काही जागे झाले. लोकांना त्या हुकण्याची चीड आली, पण खेळायची इच्छा वाढली. ती वाढली चित्र त्यांनी स्वतः निवडलेल्या फेऱ्यांत. यंत्राने निवडून दिलेल्या फेऱ्यांत नाही. स्ट्राइक तुम्ही स्वतःच निवडता ना? खात्याला २० पॉइंटांनी हुकलेला ऑप्शन आणि २०० पॉइंटांनी हुकलेला ऑप्शन सारखाच, दोन्ही शून्य. ‘नाहीतर ४० हजार आले असते’ हे वाक्य पत्रात आलं तिथेच मला तुमची काळजी वाटली.

तुम्ही एकटे नाही, पण त्यात दिलासा शोधू नका. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन आर्थिक वर्षांचा हिशेब काढला. एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे सौदे) करणाऱ्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात, सरासरी तोटा सुमारे २ लाख. खर्च वजा जाता लाखाच्या वर कमावणारे १ टक्का. मला त्यातला आणखी एक आकडा जास्त बोलका वाटतो: तोट्यातल्या तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांनी लागोपाठ वर्षं हरूनही सौदे चालूच ठेवले. या सगळ्यांना वजाबाकी येत नसेल असं नाही.

त्यामुळे ४५ हजारांचा कोर्स नको. तो तुम्हाला आणखी संकेत शिकवेल, आणि संकेतांची तुमच्याकडे कमी नाही. या सरांना स्वतःचं सहा महिन्यांचं काँट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकर देतो तो सौद्यांचा अधिकृत हिशेब, मागा. नफ्याचे स्क्रीनशॉट नकोत, ब्रोकरचं काँट्रॅक्ट नोट. देतात का बघा.

आता करायचं काय. खात्यातले २ लाख १० हजार याच आठवड्यात काढून घ्या. पर्सनल लोनचे साधारण ३ लाख २० हजार बाकी असतील. फोरक्लोजर आणि पार्ट-पेमेंटचा (मुदतीआधी पूर्ण किंवा काही कर्ज फेडण्याचा) चार्ज बँकेला विचारा आणि ही सगळी रक्कम तिथे भरा. वर्षाचं सुमारे २९ हजार व्याज वाचतं, तेही खात्रीने. असा खात्रीचा परतावा तुम्हाला बाजारात कोणी देणार नाही. उरलेले लाख-सव्वा लाख आहे त्याच १०,९०० च्या हप्त्याने वर्षभरात फिटतील. एफडीला हात लावू नका. घरात तेवढीच शिल्लक आहे आणि तीही दीड महिन्याच्या मिळकतीएवढी नाही.

ब्रोकरकडे एफ अँड ओ सेगमेंट बंद करायचा अर्ज द्या. ‘छंद म्हणून दहा हजार ठेवू का?’ असं विचाराल. नाही. ॲप फोनवरून काढून टाका. संकेतच दिसला नाही तर उसळी कशावर येणार? आणि मंगळवार जाता जात नसेल, झोप उडत असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे, तिथे बोला. यात लाजण्यासारखं काही नाही.

घरी सांगितलेलं नाही म्हणता. मग सोनेतारण कोणाच्या सोन्यावर करणार होतात? पत्नीच्या अंगावरचं असेल तर तो प्रश्न मला नाही, त्यांना विचारायचा. गृहकर्जात त्या सहकर्जदार असतील तर टॉप-अपलाही त्यांची सही लागेल. आज रात्री सांगा, आणि वरचं गणित कागदावर मांडून सांगा. ‘थोडा तोटा झालाय’ म्हणू नका, ३ लाख ४० हजार म्हणा. त्यावर ५० हजारांचं व्याज भरलंय तेही सांगा.

पॉलिसींबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण चीड आल्याशिवाय राहत नाही. २६ लाखांचं कर्ज, नऊ वर्षांची मुलगी, आई, आणि वर्षाला ६२ हजार भरून विमा ८ लाखांचा! ज्याने हे विकलं त्याने कमिशनचं गणित नीट केलंय, तुमचं नाही. आधी १ कोटीचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा) घ्या. तब्येत ठीक आणि तंबाखू-सिगारेट नसेल तर वर्षाला वीसेक हजारांच्या आत बसायला हवा. तो हातात आल्यावरच जुन्या दोन्ही पॉलिसींची सरेंडर (आता मोडल्यास) आणि पेड-अप (पुढचे हप्ते थांबवून चालू ठेवल्यास) किंमत लेखी मागवा आणि मला कळवा, मग ठरवू. उलट क्रमाने करू नका.

राहिला आयकर. ऑप्शनचा नफा-तोटा हा धंद्याचा धरतात, पगारदाराच्या आयटीआर-१ या साध्या विवरणपत्रात तो बसत नाही, आयटीआर-३ भरावा लागतो. हा तोटा पगारातून वजा होत नाही, पण विवरणपत्र मुदतीत भरलं तर आठ वर्षं पुढे ओढता येतो. तो वसूल करायला पुन्हा सौदे सुरू करावेत, असं मात्र कोणत्याही सीएच्या तोंडून ऐकलंत तर सीए बदला.