शिंकांची गोळी आणि कोलेस्टेरॉलची गोळी सोबत घेतली तर?

प्रश्न: माझं वय ५९. गेली चार वर्षं रात्री अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन २० घेतो. हल्ली सकाळी उठलं की ओळीने दहा-बारा शिंका, नाक गळतं, डोळे चुरचुरतात. सिट्रिझिन आणून ठेवलीय पण दोन्हीचं काही उलटसुलट होईल या भीतीने स्ट्रिप उघडलीच नाही. कोलेस्टेरॉलची गोळी थोडे दिवस बंद ठेवू का?

उत्तर: अहो, ती अजिबात बंद करू नका, शिंकांसाठी हृदयाची गोळी कशाला सोडायची? सिट्रिझिन बरीचशी जशीच्या तशी लघवीवाटे निघून जाते आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन लिव्हरमध्ये मोडते, दोघींच्या वाटाच वेगळ्या, त्यामुळे रात्री सोबत घेतल्या तरी चालतं, उलट सिट्रिझिनने थोडी झोप येते म्हणून रात्रच बरी. लोरॅटाडिन, फेक्सोफेनाडिन या शिंकांच्याच दुसऱ्या गोळ्यांचंही सहसा काही अडत नाही. फक्त किडनीचा त्रास असेल तर सिट्रिझिनचा डोस कमी करावा लागतो, तेवढं आधी डॉक्टरांना सांगा.

आता ती स्ट्रिप उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं नीट वाचा. सिट्रिझिनसोबत स्यूडोएफेड्रिन किंवा फिनाइलएफ्रिन लिहिलंय का? नाक मोकळं करणारी ही औषधं बीपी वाढवू शकतात, आणि कोलेस्टेरॉलवाल्या कितीतरी जणांना बीपीही असतं, तेव्हा तसं असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

मला खरी काळजी वाटते ती पुढच्या पायरीची. नाक चोंदून सायनस भरलं की कधीकधी अँटिबायोटिक लिहून मिळतं, ते क्लॅरिथ्रोमायसिन असेल तर अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन मोडणारं लिव्हरमधलं एन्झाइमच अडतं, म्हणजे गोळी तेवढीच पण रक्तात तिचं प्रमाण चढत जातं. मग मांड्या-पोटऱ्या ठणकतात, जिना चढताना पाय उचलवत नाहीत आणि आपल्याला वाटतं सर्दीचीच अंगदुखी असेल. त्यात लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण स्नायू तुटून किडनीवर ताण येत असू शकतो. म्हणून कुठलंही अँटिबायोटिक किंवा बुरशीचं औषध लिहून देताना 'मी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन घेतो' हे स्वतःहून सांगाच, मग औषध बदलायचं की तेवढे दिवस ही गोळी थांबवायची ते डॉक्टर ठरवतील.

नुसती सिट्रिझिन असेल तर बिनधास्त सुरू करा, रात्री एक. नाक तरीही गळतच राहिलं तर नाकात मारायच्या स्टेरॉइड स्प्रेबद्दल विचारा, रोजच्या त्रासाला तो जास्त लागू पडतो.