जुन्या सागवानी झोपाळ्याला घरी तेल बनवून लावता येईल का?

तुम्ही लिहिलंय की आजोबांचा सागवानी झोपाळा आहे, बसायच्या जागेचं पॉलिश उडून काळपट डाग पडलेत, आणि शेजारच्या काकू म्हणतात खोबरेल चोळा. घरी तेल नक्की बनवता येईल. मी बडोद्यात आमच्या झोपाळ्याला दोनदा लावलंय, पहिल्यांदा चुकीचं आणि दुसऱ्यांदा बरं.

खोबरेल मात्र नको. शेंगदाण्याचं नको, तिळाचंही नको. दोन दिवस लाकूड झकास दिसतं, मग त्यावर धूळ बसते आणि उन्हाळ्यात खवट वास सुटतो. ही तेलं हवेत नीट वाळत नाहीत. जवसाचं वाळतं, पण पाण्यासारखं उडून नाही: ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि हळूहळू घट्ट होत जातं. आपल्या बडोद्याच्या फतेसिंग म्युझियममधली राजा रविवर्म्याची तैलचित्रं पाहिली असतील. तैलरंग कॅनव्हासला धरून ठेवतं ते तेल सहसा हेच.

पण किराण्यातलं खायचं जवस तेल आणू नका, ते वाळायला आठवडा सहज घेतं. रंगाच्या दुकानात बेलतेल मागा, तेही जवसाचंच; डब्यावर डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल लिहिलेलं असतं. त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, म्हणून पातळ हात एक-दोन दिवसांत सुकतो. त्याच कारणाने उरलेलं तेल पोळपाटाला लावायचा मोह टाळा.

तेल कालवायच्या आधी जुनं पॉलिश तपासा. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून फळीच्या खालच्या कोपऱ्यावर मिनिटभर दाबून धरा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचं पॉलिश, आणि जुन्या घरांत बहुतेक तेच निघतं. ते स्पिरिटनेच पुसून काढा. थर राहिला तर तेल आत शिरत नाही, वरच बसून राहतं. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, नंतर १८०, शेवटी २२०, आणि हात नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवे ओरखडे तेल लावल्यावर असे उठून दिसतात की रडू येतं. झोपाळ्याचे खांब संखेड्याचे, लाखेने रंगवलेले असतील तर त्यांना हात लावू नका. ते काम वेगळं.

रंग कसा येईल हे आधी बघायचं असेल तर घासलेली फळी ओल्या फडक्याने पुसा. ओलं सागवान जसं दिसतं, साधारण तसंच तेलानंतर दिसतं.

पहिल्या हाताला बेलतेल आणि टर्पेंटाइन निम्मंनिम्म. २०० मिली अधिक २०० मिलीत झोपाळ्याच्या दोन्ही बाजू होऊन उरतं. पुढच्या हातांना तीन भाग तेल, एक भाग टर्पेंटाइन. झोपाळ्यावर घामाचे हात, तेलकट डोकी, चहाच्या बशा सगळंच येतं, म्हणून मी शेवटच्या हाताला तेल, टर्पेंटाइन आणि साधं व्हार्निश समसमान घेतलं. थोडं कडक होतं, डाग कमी धरतं. हे सगळं थंडच मिसळायचं, गॅसजवळ टर्पेंटाइन उघडायचंसुद्धा नाही.

आता खरी गोष्ट, जिथे मी फसलो. प्रमाणापेक्षा पुसणं महत्त्वाचं. पहिल्या वेळी मी जुलैत, ऐन पावसात, सढळ हाताने तेल ओतलं आणि 'पिऊ दे लाकडाला' म्हणून तसंच सोडलं. चौथ्या दिवशी वहिनी बसली आणि उठताना पदर फळीलाच चिकटला. सगळं टर्पेंटाइनने खरवडावं लागलं. म्हणून फडक्याने लावा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, आणि मग कोरड्या फडक्याने असं पुसा की जणू लावलंच नव्हतं. हात फिरवला तर बोट ओलं व्हायला नको. दोन हातांमध्ये किमान एक दिवस, दमट हवेत दोन-तीन. फळीच्या टोकांच्या कापलेल्या बाजू जास्त तेल पितात, तिथे एक हात जादा. काम दिवाळीनंतर काढलंत तर उत्तम.

तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते, आणि ढिगात ती कोंडली की फडकं आपोआप पेट घेतं. मला आधी ही अतिशयोक्ती वाटली होती. मग गच्चीतल्या बादलीतला बोळा हातात घेतला तर चांगलाच गरम, आणि वास करपल्यासारखा. तेव्हापासून फडकी दोरीवर एकेक मोकळी वाळत घालतो. कडक झाली की कचऱ्यात.

शेवटचा हात आठवडाभर मुरला की मधमाशीचं मेण आणि टर्पेंटाइनचं मलम चोळलंत तर हाताला मऊ लागतं. मेण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा, गॅस बंद करून भांडं स्वयंपाकघराबाहेर न्या, मगच टर्पेंटाइन घाला.

आणि झोपाळ्याच्या पितळी कड्या कुरकुरत असतील तर उरलेलं बेलतेल त्यात सोडू नका. ते तिथेही वाळतं आणि कडी जाम होते. तिथे शिलाई मशीनचं तेल.