मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईला सगळं निळसर दिसतंय, हे नॉर्मल आहे का आणि किती दिवस राहतं?

हो, नॉर्मल आहे. काही आठवड्यांत कमी होतं, पूर्ण जायला दोन-तीन महिनेही लागू शकतात. खरं तर उत्तर इथंच संपलं, पण प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, कारण आमच्या घरात याच निळ्यावरून दोन वर्षं भांडण चाललं होतं.

आमचं सांगलीत मॅचिंग सेंटर आहे. वडील, म्हणजे आण्णा, चाळीस वर्षं त्या काउंटरमागं उभे. बाईनं पिशवीतून साडी अर्धी बाहेर काढली की आण्णांचा हात नेमका त्या ताक्यावर. चिंतामणी वेगळा, मोरपंखी वेगळा, आमसुली आणि वांगी यात तर मी अजूनही गडबडतो. शेडकार्ड ते कधी उघडायचेच नाहीत, कार्ड नवशिक्यांसाठी असतं म्हणायचे आणि म्हणताना माझ्याकडं बघायचे.

सत्तरी उलटली आणि चुका व्हायला लागल्या. मोतिया मागितला की पांढरं, पांढरं मागितलं की मोतिया, असलं किरकोळ. बायका बदलून घेऊन जायच्या. मी एकदा म्हटलं डोळे दाखवून घेऊ या, तर म्हणाले तू त्या एलईडी बसवल्यास त्यानं वाट लागलीय, जुन्या ट्यूब होत्या तेव्हा एक तक्रार नव्हती. मग एक दिवस एक बाई आल्या, मुलीच्या साखरपुड्याची नेव्ही ब्लू साडी, आण्णांनी स्वतः टू बाय टूचा पीस काढून दिलेला, अस्तर दिलेलं, ब्लाउज शिवून तयार आणि तो काळाकुट्ट. साखरपुड्याला काळा ब्लाउज! बाई जे बोलल्या ते इथं लिहीत नाही. मी म्हटलं, आण्णा, दारात उजेडात जाऊन बघा. गेले, भर उन्हात साडी आणि ब्लाउज शेजारी धरले, परत आले आणि म्हणाले एकच रंग आहे, तूच तुझे डोळे तपासून ये. (मी खरंच तपासून आलो हो. ती इशिहाराची ठिपक्यांची पुस्तिका असते ना, सगळे आकडे धडाधड वाचले. त्याचा घरी काही उपयोग झाला नाही.)

आता यात होतं काय ते सांगतो. डोळ्यातलं भिंग वयानुसार पिवळं पडत जातं, मोतीबिंदूत तर जास्तच, आणि निळा प्रकाश आत जायचा कमी होतो. मग माणसाला सगळं पिवळं दिसायला पाहिजे ना? दिसत नाही. कारण डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, आणि प्रत्येकीचं जणू व्हॉल्यूमचं बटण वेगळं. निळा कमी यायला लागला की निळ्याचं बटण वाढतं आणि पांढरं पांढरंच वाटत राहतं. उन्हातून पिवळ्या बल्बच्या दुकानात शिरलात तर क्षणभर कापड पिवळट दिसतं आणि मिनिटभरात पांढरं होतं, ते हेच, पण झटपट. भिंगाचं पिवळेपण वर्षानुवर्षं हळूहळू चढतं, त्यामुळं पत्ताच लागत नाही, आणि बटण असं वाढवून जुळवून घ्यायची ही सवय सुटायलाही आळसच. तुमच्या आईचं तेच झालंय. पिवळी काच काढली, निळा परत धो धो यायला लागला, पण बटण अजून वाढलेलंच. ते खाली यायला वेळ लागतो. क्लॉद मोने या फ्रेंच चित्रकाराचं १९२३ मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्याचीही हीच तक्रार होती, त्याला तर रंगीत काचांचा चष्मा वापरावा लागला.

पण माझा मुद्दा वेगळा आहे आणि आण्णांना तो कधीच पटला नाही. डोळा सगळ्या चित्राचा पिवळेपणा झाकतो, पण जो फरक आत पोचलाच नाही तो कुठून आणणार? नेव्ही आणि काळा यात फरक असतो तो त्या थोड्याशा निळ्याचा. तोच अडला तर दोन्ही काळे. बटण कितीही वाढवा, उन्हात धरा नाहीतर एलईडीखाली. आणि माणूस मात्र छातीठोकपणे सांगतो की मला व्यवस्थित दिसतंय.

शेवटी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली, आण्णांनी स्वतःच्या सदऱ्याकडं बघितलं आणि आईला विचारलं, नीळ किती घातलीस? आई म्हणाली, मी नीळ घालायचं बंद करून पाच वर्षं झाली. मग दुकानात आल्यावर पांढऱ्या पॉपलिनचा ताका समोर घेऊन एकदा हा डोळा मिटला, एकदा तो. बराच वेळ. एका डोळ्यानं पांढरं, दुसऱ्यानं चहा सांडल्यासारखं. बोलले काही नाहीत. संध्याकाळी काळ्या रंगाचा कप्पा सगळा खाली काढला आणि त्यातून नेव्हीचे अकरा पीस वेगळे करून ठेवले.

म्हणून सांगतो, तुमच्या आईचा एकच डोळा झाला असेल तर दुसऱ्याच्या आधी त्यांना एक-एक डोळा मिटून पांढरा कागद बघायला सांगा. घरात रंगावरून कुणाशी वाद असेल तर आत्ताच मिटवून घ्या, ही संधी परत येत नाही.

हां, आणि मी डॉक्टर नाही. नुसतं निळसर असेल तर काळजी नको, पण डोळा दुखतोय, लाल झालाय, विजा चमकल्यासारखं होतंय, काळे ठिपके अचानक वाढलेत किंवा एका बाजूनं पडदा आल्यासारखा वाटतोय, तर त्याच दिवशी दाखवा, इथं विचारत बसू नका. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर मी बसवलेल्या एलईडी स्वस्तातल्या होत्या, असल्या उजेडात लाल-मरून शेड मेल्यासारख्या दिसतात, तेवढं आण्णांचं बरोबर होतं. नंतर बदलल्या.

दिवाळीआधी डावा डोळाही झाला. आता दोन्ही सारखे, त्यामुळं पुरावाही गेला, आणि आण्णा परत गिऱ्हाइकांना सांगायला लागलेत की मध्ये दोन वर्षं दुकानातला उजेडच खराब होता.