शंका-समाधान : शिंका थांबतात, नाक मात्र चोंदलेलेच

प्रश्न : सकाळी गादी झटकली की मला शिंकांवर शिंका येतात. ॲलर्जीची गोळी घेतल्यावर त्या थांबतात, पण संध्याकाळी नाक चोंदतेच. रक्ततपासणीत इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) वाढलेले निघाले. जन्मजात प्रतिकारशक्तीच्या पेशींना नेमकी ओळख नसते असे शाळेत शिकलो होतो. मग त्या धुळीवरच कशा उठतात?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपण शिकलात ते बरोबर आहे, फक्त या पेशी उसन्या ओळखीवर काम करतात, हे त्यात राहून गेले. नाकाच्या अस्तराखाली रक्तवाहिन्यांलगत मास्ट पेशी असतात. जर्मन वैज्ञानिक पाउल एर्लिख यांनी १८७८ च्या प्रबंधात त्यांचे वर्णन केले आणि आतले कण पाहून, या खाऊन पुष्ट झालेल्या पेशी असाव्यात, अशा समजुतीने त्यांना हे नाव दिले (जर्मन भाषेत ‘मास्ट’ म्हणजे चारून पुष्ट करणे). समजूत चुकीची ठरली, नाव टिकले. गादीतील डस्ट माइट या धुळीतल्या सूक्ष्म किड्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांविरुद्ध शरीराने बनवलेल्या आयजीई प्रतिपिंडाचे रक्तातील प्रमाण साधारण २ दिवसांत निम्मे होते, परंतु मास्ट पेशीला चिकटलेले आयजीई कित्येक आठवडे टिकते. हीच ती उसनी ओळख. तेच प्रथिन पुन्हा आले आणि त्याने शेजारशेजारची प्रतिपिंडे जोडली, की मास्ट पेशी काही मिनिटांतच हिस्टामाइन हे रसायन सोडते. शिंका, खाज आणि नाकातून पाणी हा मुख्यतः त्याचा प्रताप, आणि आपली गोळी अडवते ती यालाच.

त्याच वेळी मास्ट पेशी ल्युकोट्रिन ही सूज आणणारी रसायने तयार करते आणि इओसिनोफिलांना बोलावणारे संदेशही पाठवते. ती कुमक पोहोचून सूज चढायला ४ ते ८ तास लागतात, म्हणून आपली संध्याकाळ बिघडते. या सुजेवर गोळीपेक्षा नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा अधिक उपयोगी पडतो. मात्र तो डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि नियमित घ्यावा लागतो.

माझ्या मते याहून नवलाची गोष्ट २०१० च्या सुमारास उजेडात आली. जन्मजात लिम्फॉइड पेशी या पांढऱ्या रक्तपेशींच्या ‘गट २’ला उसनी ओळखही लागत नाही. माइटची काही प्रथिने स्वतःच विकरे (एन्झाइम) असल्याने अस्तरातील पेशींचे सांधे सैल करतात. दुखावलेले अस्तर आयएल-३३ आणि टीएसएलपी हे इशारे सोडते, आणि ते मिळताच या पेशी इओसिनोफिल वाढवणारे आयएल-५ व चिकट स्राव वाढवणारे आयएल-१३ ओतू लागतात.

तरीही इओसिनोफिलांच्या आकड्यावरून ॲलर्जी सिद्ध होत नाही. पोटातील जंतांमुळेही तो वाढतो, म्हणून डॉक्टरांनी शौचतपासणी सांगितली असल्यास ती अवश्य करून घ्यावी.