१९६९ ची शेव्हरोले सी-१० पिकअप मुलासोबत दुरुस्त करायची आहे. आधी इंजिन बदलू की ब्रेक?

तुम्ही लिहिलंय की इथे ओहायोतच एक १९६९ ची सी-१० बघून ठेवली आहे, सहा सिलिंडरची, चालू स्थितीतली. मुलगा पंधरा वर्षांचा. त्याला त्यात आधी आधुनिक व्ही-८ बसवायचंय आणि सोळावं लागलं की त्याच गाडीने शाळेत जायचंय. हे जमेल का आणि कुठून हात घालावा, असा तुमचा प्रश्न आहे. जमेल. मी आणि माझी मुलगी १९६८ च्या सी-१० वर हेच काम करतोय. आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग सीटबेल्ट आणि पेट्रोलची टाकी, मग वायरिंग. इंजिन सगळ्यात शेवटी. हा क्रम मुलाने कितीही हट्ट धरला तरी बदलू नका.

कारण साधं आहे. तुमच्या गाडीतलं २५० क्यूबिक इंचांचं इंजिन कागदावर १५५ अश्वशक्तीचं, आणि तोही त्या काळचा ढोबळ आकडा. पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर यांचा भार न धरता मोजलेला. मुलगा जे ५.३ लिटरचं व्ही-८ म्हणतोय, ते बहुधा २००० नंतरच्या सिल्व्हराडोतून, म्हणजे शेव्हरोलेच्याच नव्या पिकअपमधून काढलेलं असेल, म्हणजे २७० च्या पुढे. जवळजवळ दुप्पट जोर, आणि थांबवायला चारही चाकांना ड्रम ब्रेक! पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक या गाड्यांवर १९७१ च्या मॉडेलपासून सरसकट आले. ओले झालेले ड्रम एका बाजूला ओढतात, घाटासारख्या लांब उतारावर तापले की पेडल दाबूनही गाडी थांबायला तयार नसते. आणि एरवी नवखा चालक घाबरून एकदम जोरात दाबतो, तेव्हा चाकं लॉक होतात. मागचा हौदा रिकामा असला की मागच्या चाकांवर वजनच नसतं, त्यामुळे आधी तीच घसरतात.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. १९६७ पासून या गाड्यांना दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप आहे. पुढची ऑइलची लाइन फुटली तरी मागचे ब्रेक लागतात आणि मागची फुटली तरी पुढचे. त्याआधीच्या गाड्यांत एक लाइन फुटली की सगळंच गेलं.

डिस्क बसवायचे तयार संच मिळतात. ते घेण्याआधी चाकाचे बोल्ट मोजा. १९७० पर्यंतच्या सी-१० ला सहा बोल्ट, १९७१ पासून पाच. पाच बोल्टांचा संच आणलात तर पुढे पाच आणि मागे सहा होतील, आणि स्टेपनी फक्त पुढे किंवा फक्त मागे चालेल. सहा बोल्टांचे संचही मिळतात, तेच मागवा. सोबत मास्टर सिलिंडरही डिस्क-ड्रम जोडीचा घ्या आणि पुढच्या-मागच्या दाबाचा मेळ घालणारा व्हॉल्व्ह बसवा. जुनाच मास्टर ठेवला तर त्यातला ड्रमसाठीचा व्हॉल्व्ह लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवतो आणि डिस्क सतत घासत राहते.

आता मुलाच्या हाताला काय द्यायचं? आपल्याकडच्या गॅरेजमध्ये नवं पोरगं आधी पाने पुसायला आणि बॅटरी धरायला लावतात. त्यात वाईट काही नाही, पण पंधरा वर्षांचा मुलगा तेवढ्यावर टिकत नाही. त्याला एक पूर्ण व्यवस्था सोपवा, तिची चावी-कुलपं त्याच्याकडे. माझ्या मते ती ब्रेकचीच असावी. गंजलेल्या लाइनच्या जागी तांबं-निकेलची तीन षोडशांश इंची नळी वापरा. ती हाताने वळते, लोखंडी नळीसारखी हट्टी नसते. तिच्या टोकाला दुहेरी फुलोरा (डबल फ्लेअर) करायचा असतो. नळी सरळ कापायची, आतली-बाहेरची धार घासायची, नट आधीच ओवून ठेवायचा, मग साच्यात घट्ट आवळून एकदा तोंड फुगवायचं आणि दुसऱ्या दाबात ती कड आत दुमडायची. कड एका बाजूला जाड आली तर तिथून तेल झिरपणार. माझी मुलगी प्रत्येक टोक उजेडात फिरवून बघायची, मनासारखं नसेल तर न सांगता कापून टाकायची आणि पुन्हा करायला घ्यायची. मी मधे बोललो नाही. नंतर लाइनमध्ये अडकलेली हवा काढताना पेडलवर मी आणि खाली ती. सुरुवात मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे मागचं उजवं, मग मागचं डावं, पुढचं उजवं, शेवटी पुढचं डावं. पेडल वरच कडक झालं तेव्हा तिने मला उठवून स्वतः दाबून बघितलं.

या कामातले धोके मात्र पहिल्याच दिवशी सांगा. ड्रमच्या आत घासणाऱ्या जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही. ओलं करून पुसायचं आणि ती चिंधी पिशवीत बांधून टाकायची. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडं घासायचं नाही, मास्क लावायचा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणी जायचं नाही, खाली स्टँड हवेतच. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केलं तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. तो डबा आमच्या गॅरेजमध्ये आणतच नाही, बिनक्लोरीनचाच आणतो.

पेट्रोलची टाकी सीटच्या पाठीमागे, केबिनच्या आत आहे हे तुम्हाला माहीत असेलच. कंपनीने १९७३ च्या मॉडेलपासून ती बाहेर काढली. ती मागच्या ॲक्सलच्या मागे, चेसीच्या दोन दांड्यांमध्ये हलवा. त्यासाठीच्या टाक्या मिळतात. हे काम आम्ही रंगाच्या आधी केलं आणि तुम्हीही तसंच करा. इथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्याने जुने रबरी पाइप फुगतात आणि चिरतात, तेही सगळे त्याच वेळी बदला. तीन टोकी सीटबेल्ट बसवताना वरचा बोल्ट नुसत्या पत्र्यात मारू नका. पत्र्यामागे जाड लोखंडी पट्टी हवी, नाहीतर धक्क्याला तो पत्र्यासकट उपटून येतो.

वायरिंग आणि इग्निशनमध्ये मुलाचं डोकं तुमच्यापेक्षा जलद चालेल. ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या जुन्या पॉइंटऐवजी त्याच डिस्ट्रिब्युटरमध्ये बसणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल मिळतं. प्लगच्या वायरी सोडवण्याआधी प्रत्येकीला चिकटपट्टीवर आकडा लिहायला लावा. या इंजिनात सिलिंडर पेटण्याचा क्रम १-५-३-६-२-४. रंगाची घाई करू नका. आमच्या गाडीचा उन्हाने विटलेला मूळ रंग आम्ही तसाच ठेवलाय आणि मला तो मनापासून आवडतो.

शाळेत रोज नेण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. एअरबॅग नाही, चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस नाही, धडक शोषून घेणारी बांधणीही नाही. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या हलक्या गाडीला घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था सक्तीची आहे. नव्या चालकाला तिचा खरा आधार असतो. तेव्हा रोजसाठी त्यानंतरची एखादी साधी सेडान घ्या आणि सी-१० रविवारी, तुम्ही शेजारी बसून. शिवाय जुन्या गाड्यांच्या खास विमा पॉलिसीत रोजच्या वापराला आणि नवख्या चालकाला बहुतेक वेळा मनाई असते. एजंटशी आधीच बोला. ओहायोतल्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्या दिवसांत तर ही गाडी बाहेर काढूच नका.

हे सगळं झालं आणि मुलाला तरीही व्ही-८ हवंच असेल, तर खुशाल बसवा. तोवर त्याला गाडीची नस न् नस माहीत झालेली असेल, आणि कदाचित त्याला ते सहा सिलिंडरचंच आवडायला लागलेलं असेल. आमच्याकडे तसंच झालं.

पण अजून गाडी घेतलेली नाही, म्हणून हे आधी करा. केबिनचे मागचे खालचे कोपरे, दाराखालचा पट्टा, पाय ठेवायचा तळ आणि केबिन चेसीवर जिथे टेकते ती जागा, या चार ठिकाणी चुंबक लावून बघा. चिकटत नसेल तर तिथे गंजावर लांबी (पुट्टी) थापलेली आहे. कोपरे आणि तळ यांचे नवे पत्रे मिळतात, पण केबिनचे आधार गेलेले असतील तर किंमत चांगलीच खाली आणा किंवा सोडून द्या. मग दाराच्या खांबावरच्या पट्टीचा नंबर टायटलवरच्या, म्हणजे मालकीच्या कागदावरच्या नंबराशी अक्षर-अक्षर ताडून बघा. जुळत नसेल तर इसारसुद्धा देऊ नका.